इंग्रजी उच्चार आणि पोटाचा प्रश्न



पत्रिकेवर आमच्या नावापुढे हा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. इंग्रजी उच्चारांची उठाठेव त्याने कशाला करावी? ती प्राध्यापकांची गोष्ट. आम्ही प्राध्यापक नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु नोकरीच्या दाराशी ताटकळणाऱ्या माणसांशी आमचा गेली तीस वर्षे रोजचा संबंध आहे, आणि त्या दारावर जे पहारेकरी बसलेले आहेत त्यांत इंग्रजी उच्चार हा एक आहे. पहारेकऱ्याला नेमले कोणी, हे विचारणे आमच्या धंद्यातच येते. म्हणून आज त्याची कुळकथा सांगावयाची आहे. बरोबर इंग्रजी उच्चार म्हणजे कोणाचा उच्चार? तो केव्हा ठरला, कोणी ठरवला, आणि तो शिकताना आपण नेमके काय शिकतो?

इंग्रजांच्या घरची गोष्ट

आपली एक समजूत असते की सगळे इंग्रज एकसारखी इंग्रजी बोलतात, आणि आपल्याला ती जमत नाही हा आपल्या जिभेचा दोष. ही समजूत आधी सोडली पाहिजे. यॉर्कशायरचा शेतकरी, डेव्हनचा कोळी आणि लंडनच्या पूर्वेकडचा गोदी कामगार यांना एका ओळीत उभे करून ऐकले, तर वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणी एकापाठोपाठ ऐकल्यासारखे वाटेल. बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण त्या देशालाही लागू आहे. १९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंड आणि लगतच्या भागातील ३१३ ठिकाणी जाऊन लोकांचे बोलणे टिपून घेतले. त्यांच्या वह्यांत साध्या घरगुती वस्तूंची नावे आणि त्यांचे उच्चार इतक्या तऱ्हांनी नोंदलेले आहेत की परक्याला ही एक भाषा आहे यावर विश्वास ठेवणे जड जावे.

त्यात लिपीची भानगड निराळी. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. पुढे छापील पुस्तकांमुळे शब्दांचे लेखन हळूहळू गोठत गेले. बोलणे मात्र गोठले नाही. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक आपली जागा सोडून सरकले. ‘नाइफ’ म्हणजे सुरी. या शब्दाच्या आरंभी लिहिला जाणारा ‘के’ एके काळी बोललाही जात असे. बोलण्यातून तो गेला, कागदावर राहिला. आपला मराठी माणूस पुष्कळ अंशी लिहिल्याप्रमाणे वाचणारा. त्याने इंग्रजी पुस्तकातून, म्हणजे डोळ्यांनी शिकावी आणि नंतर कानाने परीक्षा द्यावी, असा हा उलटा व्यवहार आहे.

तिकीट काढून ऐकलेली व्याख्याने

मग या अनेक बोलींतून एकच ‘शुद्ध’ कशी ठरली? ही गोष्ट ऐकताना आपल्याला थोडे ओशाळल्यासारखे होईल, कारण तिचा बराचसा भाग अशाच एका व्याख्यानमंडपात घडलेला आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडात व्यापार वाढला, नवा पैसा आला. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एक राज्य झाले आणि स्कॉटिश मंडळी पार्लमेंटात व कचेऱ्यांत बढती शोधू लागली. या लोकांपाशी पैसा होता, विद्या होती. त्यांच्या बोलण्याला मात्र लंडनचे उमराव हसत. ही अडचण टॉमस शेरिडन नावाच्या गृहस्थाने ओळखली. हा नट होता, आणि प्रसिद्ध नाटककार रिचर्ड ब्रिन्स्ले शेरिडन याचा बाप. त्याने गावोगावी वक्तृत्वावर व्याख्याने देण्यास सुरुवात केली. १७६१ मध्ये एडिंबरोत त्याच्या व्याख्यानांना सुमारे तीनशे प्रतिष्ठित मंडळी पैसे मोजून आली. १७६२ मध्ये ती व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली. मौज अशी की शेरिडन स्वतः आयर्लंडचा. आयरिश मनुष्य स्कॉटिश लोकांना इंग्रजांसारखे बोलण्यास शिकवीत होता, आणि त्यांतला कोणीही हसत नव्हता.

शेरिडनचे म्हणणे सरळ होते. दरबारी उच्चार ज्याच्या तोंडी असेल त्याची ऊठबस चांगल्या लोकांत झाली आहे, याचा तो एक दाखला होय. येथे कान टवकारून ऐकले पाहिजे. हा उच्चार अधिक गोड आहे, अधिक स्पष्ट आहे, एवढ्यावर भर नाही. तो सोबतीचा दाखला आहे. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना शहाणे करण्यासाठी. एडिंबरोच्या त्या मंडपातील श्रोत्यांनाही शहाणे व्हावयाचेच होते. फक्त शहाणपणाबरोबर वरच्या पंगतीचे पान मिळावे अशीही इच्छा होती.

शेरिडननंतर जॉन वॉकर आला. हाही पूर्वीचा नट. त्याचा उच्चारकोश १७९१ मध्ये निघाला आणि पुढे त्याच्या शंभरावर आवृत्त्या निघाल्या. या कोशाच्या आरंभी स्कॉटिश, आयरिश आणि लंडनकर अशा तिघांसाठी आपापले दोष टाळण्याचे नियम दिलेले आहेत. लंडनकरांसाठी नियम! ज्या राजधानीचा उच्चार प्रमाण मानावयाचा, तिथल्याच रहिवाशाला दोषी ठरवावयाचे. आणि वॉकरच्या मते लंडनच्या सामान्य माणसाचा दोष हा दूरच्या प्रांतातील माणसाच्या दोषापेक्षाही अधिक किळसवाणा. यावरून उघड होते की प्रश्न गावाचा नव्हता. त्याच गावात, त्याच रस्त्यावर, माडीवर एक उच्चार होता आणि तळघरात दुसरा होता. कोशाने माडीवरचा उचलला.

एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट ‘ह’ या एका अक्षरावर येऊन ठेपली. ‘हाउस’ला ‘आउस’ म्हणणे हे इंग्लंडातील कष्टकरी वर्गात सर्रास चाले. आता ‘ह’ गाळल्याने घर कोसळत नाही, अर्थही बहुधा बदलत नाही. पण तो गाळणारा माणूस नोकरांच्या जिन्याने आला आहे हे चटकन कळते. बाजारात ‘ह’ सावरण्याच्या पुस्तिका आल्या आणि नवश्रीमंत दुकानदारांनी त्या विकत घेतल्या. वरच्या वर्गाची मुले ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा वसतिगृहांच्या शाळांतून एकत्र वाढत होती आणि त्यांचा उच्चार एकसाची होत होता. या शाळांचे नाव ‘पब्लिक स्कूल’, पण आत पब्लिकला मज्जाव. नावावर जाऊ नये ते असे.

डॅनिएल जोन्स या थोर ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये आपला इंग्रजी उच्चारकोश प्रसिद्ध केला तेव्हा त्यातील उच्चारांना त्याने प्रामाणिकपणे ‘पब्लिक स्कूल उच्चार’ असेच म्हटले. पुढे १९२६ पासून त्याने ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’, म्हणजे शिष्टमान्य उच्चार, हे नाव वापरले. हे शब्द १८६९ मध्ये अलेक्झांडर एलिस याने आधीच योजले होते. हा उच्चार इतरांपेक्षा मुळात श्रेष्ठ आहे असे आपण मानीत नाही, हे जोन्सने स्पष्ट लिहून ठेवले आहे. पण कोश विकत घेणारा प्रस्तावना वाचत नाही. साम्राज्यभर, आणि साम्राज्याबाहेरही, शिक्षकांनी तो कोश उघडला आणि हेच इंग्रजी असे मुलांना सांगितले. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी अंदाज केला की खुद्द ब्रिटनमध्ये हा उच्चार बोलणारे सुमारे ३ टक्के आहेत. शंभरांतल्या तिघांचा उच्चार जमत नाही म्हणून जगभरच्या शाळांतील मुलांनी हातावर छड्या खाल्ल्या.

पॅरिसचा एक साम्यप्रेमी

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की उच्चारशास्त्र हे सगळे श्रीमंतांचे थोतांड. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. शास्त्राचा जन्म निराळ्या ओढीने झाला होता. १८८२ मध्ये जर्मनीत व्हिल्हेल्म फीटर याने एक पुस्तिका काढून हाक दिली की परकी भाषा व्याकरणाची घोकंपट्टी करून शिकवणे बंद करा, बोललेल्या भाषेपासून सुरुवात करा. १८८६ मध्ये पॅरिस येथे पॉल पासी याने भाषाशिक्षकांची एक संघटना उभी केली आणि १८८८ मध्ये त्या संघटनेने प्रत्येक ध्वनीला एक ठराविक चिन्ह देणारी वर्णमाला प्रसिद्ध केली. तीच आज जगभरच्या कोशांत वापरली जाते. ‘लिहिले एक, बोलले दुसरे’ या जाचातून शाळकरी पोराची सुटका करणे हा तिचा हेतू.

हा पासी मोठा विलक्षण माणूस. त्याचे वडील फ्रेडरिक पासी यांना १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक आंरी द्युनां यांच्याबरोबर विभागून मिळाले. पॉल स्वतः ख्रिस्ती समाजवादी होता. त्याने फ्रान्सच्या एका खेड्यात सामायिक शेतीची वसाहत वसवली आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव ‘लिएफ्रा’ ठेवले. डॅनिएल जोन्स १९०५-०६ च्या सुमारास पॅरिसला याच पासीच्या हाताखाली शिकला. समतेच्या पुजाऱ्याने घडवलेले हत्यार पुढे एका वर्गाचा आवाज जगभर रुजवण्याच्या कामी आले. हत्याराचा दोष नाही. ते कोणाच्या हातात जाते याचा विचार हत्यार घडवतानाच करावा लागतो, हे आम्हां कामगारांना गिरणीच्या यंत्रांनी शिकवलेलेच आहे.

आणि या शास्त्रावर आपलेही ऋण आहे, हे विसरू नये. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची मांडणी आपल्या प्रातिशाख्यकारांनी दोन हजार वर्षांपूर्वी केली. युरोपला ती अठराव्या शतकाच्या अखेरीस संस्कृतबरोबर कळली. लाहोरला अनेक वर्षे अध्यापन केलेले इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९४६ मध्ये मोकळेपणाने सांगितले की भारतीय वैयाकरणांवाचून एकोणिसाव्या शतकातील इंग्रज ध्वनिशास्त्राची कल्पनाही करणे कठीण आहे. म्हणजे जीभ कोठे टेकवावी हे मोजण्याची विद्या मुळात आपल्या घरची. तीच फिरून आपल्या जिभेची झडती घ्यायला आली!

नभोवाणीवरचा यॉर्कशायरमन

यंत्रयुगात आवाज दूरवर जाऊ लागला. बीबीसीने १९२६ मध्ये उच्चार ठरवण्यासाठी एक सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष. सभासदांत डॅनिएल जोन्स आणि बर्नार्ड शॉ. ब्रिजेस वारल्यावर १९३० मध्ये शॉ अध्यक्ष झाले. ज्याने ‘पिग्मॅलियन’ नाटकात उच्चाराच्या सोवळेपणाची टर उडवली त्यालाच सोवळ्याचा पहारा करावा लागला.

मग महायुद्ध आले. १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स हा यॉर्कशायरचा माणूस राष्ट्रीय बातम्या वाचू लागला. जर्मनांना त्याच्या उच्चाराची नक्कल करता येणार नाही, असे एक कारण सांगितले जाई. उत्तरेकडच्या श्रोत्यांना तो ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हणे. तक्रारींचा पाऊस पडला. ज्यांच्या गावचा उच्चार ऐकू येत होता त्यांतल्याही काहींनी म्हटले की अशा आवाजात सांगितलेली बातमी खरी वाटत नाही! गुलामीची ही शेवटची पायरी: बातमी तीच, सांगणारा आपल्यातला, म्हणून विश्वास नाही.

‘र’ अक्षराचे दोन देशांतील भाव

शुद्धता ही ध्वनीत नसते याचा पुरावा पाहिजे असेल तर तो न्यूयॉर्कच्या दुकानांत सापडतो. १९६२ च्या नोव्हेंबरात विल्यम लबॉव्ह हा तरुण संशोधक तेथील तीन मोठ्या दुकानांत गेला. पहिले श्रीमंतांचे, दुसरे मध्यम वर्गाचे, तिसरे स्वस्तातले. प्रत्येक ठिकाणी त्याने नोकरांना अशा वस्तूचा पत्ता विचारला जी चौथ्या मजल्यावर असेल. म्हणजे उत्तरात ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द यावेत, आणि त्यांत ‘र’ आहे. अशी २६४ माणसांची उत्तरे त्याने टिपली. श्रीमंतांच्या दुकानात ६२ टक्के नोकरांनी ‘र’ पूर्ण किंवा अंशतः उच्चारला, मधल्या दुकानात ५१ टक्क्यांनी, आणि स्वस्त दुकानात अवघ्या २० टक्क्यांनी. तिन्ही ठिकाणी विक्रेते पगारी नोकरच. पण ज्या गिऱ्हाइकासमोर उभे राहावयाचे त्याचा बोल त्यांच्या तोंडी चढला होता.

आता गंमत पाहा. न्यूयॉर्कात ‘र’ उच्चारणे हे प्रतिष्ठेचे, तर लंडनच्या शिष्टमान्य उच्चारात ‘कार’, ‘फोर्थ’ या शब्दांतला ‘र’ गाळणे हे प्रतिष्ठेचे. आमचा मराठी माणूस ‘र’ ठणठणीत उच्चारतो. एका परीक्षकापुढे तो त्याचा दोष, दुसऱ्यापुढे तोच गुण. सोन्याचा भाव दोन बाजारांत थोडाफार निराळा असतो, पण एका बाजारात सोने आणि दुसऱ्यात माती असे होत नाही. ज्याचे असे होते ते सोने नव्हे, ते चलनी नाणे. ज्याचे राज्य त्याचा छाप.

होनोलुलूची कचेरी

येथवर इतिहास झाला. आता पोटाकडे येऊ.

फिलिपाइन्स बेटे स्पेनकडून अमेरिकेकडे गेल्यावर १९०१ च्या ऑगस्टात ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले आणि तेथील शाळांत इंग्रजी माध्यम सुरू झाले. याच शिक्षणात मॅन्युएल फ्रॅगान्टे वाढले. साठीला आल्यावर १९८१ मध्ये ते हवाई बेटांत स्थायिक झाले आणि होनोलुलूच्या मोटार-परवाना कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी लेखी परीक्षेला बसले. परीक्षेला ७२१ उमेदवार होते. फ्रॅगान्टे पहिले आले. मग दहा-पंधरा मिनिटांची मुलाखत झाली आणि त्यांना नाकारण्यात आले. कारण त्यांचा फिलिपिनो उच्चार. त्यांनी दावा लावला. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे जन्मदेशावरून नोकरी नाकारता येत नाही, आणि उच्चार हा जन्मदेशाशी बांधलेला असतो हे न्यायालयाने मान्य केले. परंतु खिडकीवर रोज शेकडो लोकांशी बोलावे लागते, तेव्हा उच्चार कामाच्या आड येतो, हे कचेरीचे म्हणणेही १९८९ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

१९९१ मध्ये मारी मात्सुदा या कायदेपंडित बाईंनी येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात या प्रकरणाची चिरफाड केली. खालच्या न्यायालयात फ्रॅगान्टे यांनी स्वतः साक्ष दिली होती, वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती, आणि ती सर्वांना समजली होती. मग खिडकीवरच ती का समजू नयेत?

याचे उत्तर एका प्रयोगात मिळते. जॉर्जिया विद्यापीठातील डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका अमेरिकन बाईच्या आवाजातील ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. काहींना समोर गोऱ्या बाईचे चित्र दाखवले, काहींना आशियाई बाईचे. आवाज तोच, शब्द तेच. ज्यांनी आशियाई चेहरा पाहिला त्यांना परका उच्चार ऐकू आला, आणि व्याख्यानातले आठवलेही कमी. तेव्हा न समजण्याचा सगळा भार बोलणाऱ्याच्या माथी मारणे हे शास्त्रालाही धरून नाही. संभाषणाचे गाडे दोन बैलांचे. एक बैल मुद्दाम बसला तर दुसऱ्याला पराणी टोचून गाडा चालत नाही.

आमच्याकडेही असे कागद येतात. मालाच्या एका गुदामात सात वर्षे काम केलेला एक तरुण पर्यवेक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेला. आवक-जावक, नोंदी, संगणक, सारे त्याला येत होते. हाताखालची माणसे मराठी आणि हिंदी बोलणारी. त्याला नाकारले, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘कम्युनिकेशन’. त्याचे कोणते वाक्य समजले नाही, हे आम्ही लेखी विचारले. त्यावर उत्तर आले नाही. ‘कम्युनिकेशन’ हा शब्द सोयीचा आहे. त्यात जात मावते, गाव मावते, बापाचा धंदा मावतो, आणि कागद स्वच्छ राहतो.

मग शिकायचे काय?

येथे आमच्या काही तरुण मित्रांशी आमचा मतभेद होतो. ते म्हणतात, उच्चार हा गुलामीचा अवशेष आहे, आम्ही बोलू तसे बोलू. हे म्हणणे भाषणात चांगले दिसते. फोनवर पलीकडच्या माणसाला पत्ता कळला नाही म्हणजे उपयोगी पडत नाही. समजणे आणि शोभणे या दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. डेव्हिड ॲबरक्रॉम्बी या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच सांगितले होते की बहुतेक शिकणाऱ्यांना इंग्रजासारखे बोलण्याची गरज नाही. ऐकणाऱ्याला सहज, कष्टांवाचून समजेल एवढे पुरे. १९९५ मध्ये कॅनडातील मन्रो आणि डर्विंग या दोघांनी प्रयोगाने दाखवले की ज्याचा उच्चार फार परका वाटतो त्याचेही बोलणे पुष्कळदा शब्दन् शब्द समजलेले असते. वास येणे आणि अन्न नासणे यांत जे अंतर, तेच येथे.

तेव्हा मराठी माणसाने कोठे कष्ट घ्यावेत? हैदराबादच्या संस्थेत रा. कृ. बन्सल यांनी १९६९ मध्ये भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवर जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात शब्दातला आघात चुकीच्या जागी पडणे हे न समजण्याचे एक मोठे कारण दिसले. आपल्या बोलण्यात आघाताला फारसे महत्त्व नाही. इंग्रजीत तो शब्दाचा कणा आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की स्वरही बदलतात. ‘हॉटेल’ शब्दात जोर शेवटावर. आपण तो पहिल्या अक्षरावर देतो, आणि साहेब दोनदा विचारतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. आपल्याला ‘प’ आणि ‘फ’ ही निराळी अक्षरे आहेत, म्हणून ‘पिन’ म्हणताना आपण श्वास रोखून ‘प’ म्हणतो. इंग्रज शब्दारंभीच्या ‘प’बरोबर थोडा श्वास सोडतो. तो श्वास नसला की त्याला ‘बिन’ ऐकू येते. तिसरी गोष्ट ‘व’ आणि ‘व्ह’ यांची. मराठीत आपण या दोहोंत लिहिताना फरक करतो, तोच बोलताना करावा: ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठाला लावावेत, ‘व’ला ओठांचा चंबू करावा. चौथी, ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाची. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनात सोसतो, जिभेवर मात्र आणीत नाही. एवढे चार महिन्यांत जमते. उलट ‘थिंक’मधल्या ज्या ध्वनीसाठी शाळेत जिभा बाहेर काढून मुलांना उभे केले जाते, त्याच्या जागी आपला दंत्य ‘थ’ आला तर फारसे अडत नाही. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, निरनिराळ्या देशांचे लोक आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा कशाने अडते आणि कशाने अडत नाही याची यादीच दिली आहे. तो ध्वनी न अडणाऱ्यांत आहे. आणि ‘र’? तो ठेवा. लिहिलेले अक्षर उच्चारल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

शेवटची मागणी

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई, पुणे, बेंगळूर, गुरुगाव येथे परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घेणारी केंद्रे निघाली. तेथे हजारो मुलामुलींनी रात्रपाळीत नावे बदलली, उच्चार बदलले; प्रथम अमेरिकन, मग ‘न्यूट्रल’. न्यूट्रल म्हणजे कोणाचाच नाही असा उच्चार. तो कोणत्या गावी बोलतात हे आम्हांला अद्याप कोणी सांगितले नाही. गेल्या काही वर्षांत तर बोलता बोलताच आवाजातला उच्चार पालटून पलीकडे पोचवणारी यंत्रणा आली आहे. माणसाची जीभ तशीच राहते, तिचा मालक बदलतो. या यंत्रामुळे काहींचा छळ कमी होईल, हेही खरे. परंतु ज्या जिभा वाकवण्यासाठी लोकांची उमेद खर्ची पडली, ती अट एका यंत्राने भागत होती, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आमच्या मागण्या तीन आहेत. कामाला विशिष्ट उच्चार लागत असेल तर तो कामाच्या वेळेत आणि पगारी शिकवावा. उमेदवाराला उच्चारावरून नाकारायचे असेल तर काय समजले नाही ते लिहून द्यावे. आणि परीक्षा त्या कामातल्या बोलण्याची घ्यावी, दिवाणखान्यातल्या गप्पांची नव्हे.

एक गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकासाठी. शॉच्या त्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ रचले आणि १९७५ मध्ये ते रंगभूमीवर आले. त्या रूपांतरात इंग्रजी उच्चारांच्या जागी मराठीचे उच्चार बसवावे लागले, आणि ते अगदी चपखल बसले. कसे बसले? कारण आपल्याही घरात माडी आणि तळघर होतेच. ‘पानी’ म्हणणाऱ्याला ‘पाणी’वाला हसतो. त्याच ‘पाणी’वाल्याला मुलाखतीच्या खोलीत कोणी ‘हॉटेल’वरून हसले की तो आमच्याकडे तक्रार घेऊन येतो. आम्ही त्याची तक्रार लिहून घेतो, ती लढवतोही. पण अर्जावर सही घेण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारतो: तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंचे बोलणे तुमची मुले कोणत्या आवाजात नक्कल करून दाखवतात?

या प्रश्नावर पुष्कळ जण गप्प बसतात. काही जण मात्र पुढच्या खेपेला येऊन सांगतात की आमच्या घरात ती नक्कल आता बंद झाली आहे.